शब्दचर्चा : ‘क्लाउड बर्स्टिंग’ म्हणजे ढगफुटी?

दादर_पूर्व :
एका विज्ञान मासिकाच्या चिप विशेषांकाचं संपादन करतेय. चिपचं आरेखन करायला कसे संगणक लागतात, यावर एक लेख आलाय. मजकूर उत्तम, पण अनुवादकाने वाक्य असं केलंय : ‘टेप-आउटपूर्वी संगणक-शेतात जागा उरत नाही, तेव्हा ढगफुटी करून काम पूर्ण केले जाते.’ २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच शहरात हा अंक विकायचाय. ढगफुटी करून कोणतं काम पूर्ण होतं? मूळ इंग्रजीतल्या बर्स्टिंग, फार्म (कंपनीच्या संगणकांचा समूह) आणि टेप-आउट (तयार आराखडा कारखान्याकडे धाडणं) या तिन्हींवर मतं द्या. ‘क्लाउड’ला, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांना, मी क्लाउडच ठेवणार, त्यावर वाद नको.

चेंबूरकर :
हवामान खात्याच्या हिशेबाने ढगफुटी म्हणजे साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. सगळं वरून खाली येतं. तुमच्या वाक्यात ढग फुटतोय, की आणखी काही फुटून ढगात चाललंय?

फार्मवाला :
चेंबूरकरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मी ऐरोलीत एका चिप डिझाइन कंपनीत सर्व्हर, स्टोरेज आणि लायसन्स बघतो. क्लाउड अजिबात फुटत नाही. घरचा भार मावेनासा होतो आणि तो क्लाउडवर जातो. दिशा नेमकी उलटी. शब्द नुसता विक्रेत्यांचा नाही बरं का. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या प्रसिद्ध केली, त्यात हायब्रिड (घरचा आणि बाहेरचा जोडून केलेल्या) क्लाउडच्या खाली हाच शब्द उदाहरण म्हणून आलाय.

भार का मावत नाही ते कळलं की शब्द निवडणं सोपं जाईल. चिपमधलं एखादं साधं गेट (काही ट्रान्झिस्टरचं छोटं सर्किट) निरनिराळ्या परिस्थितीत किती वेगाने चालतं, हे आधी मोजून ठेवावं लागतं. कारखान्यातून निघालेले ट्रान्झिस्टर सगळे सरासरी, सगळे जलद, सगळे मंद, किंवा ट्रान्झिस्टरच्या दोन जातींपैकी एक जलद आणि दुसरी मंद (हे दोन तऱ्हांनी) असे पाच प्रकार धरतात. त्यांना तीन व्होल्टेज आणि उणे ४०, २५ नि १२५ अंश अशी तीन तापमानं लावली, की एका गेटचे ४५ रन (संगणकावरच्या चाचण्या) झाले. अशी गेटं शेकड्यांनी असतात. यातला कुठलाही रन दुसऱ्यासाठी थांबत नाही, म्हणून हजार मशीन दिल्या तर काम हजारांवर पसरतं. क्लाउडला अशी कामं मानवतात. अख्ख्या चिपच्या शेवटच्या तपासणीचं तसं नाही. तिला बरेचदा एकच दांडगी मशीन लागते, रॅम टेराबाइटच्या घरात. शिवाय तिच्या फाइली सारख्या स्टोरेजशी बोलत असतात, मशीन इथे आणि डेटा तिथे असं झालं की सगळं रेंगाळतं.

आणि ही गर्दी वर्षभर नसते. टेप-आउट जवळ आलं की रात्रीची रिग्रेशन (प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवायच्या चाचण्या) फुगतात. त्या दोन महिन्यांसाठी मशीन विकत घ्यायच्या आणि उरलेले दहा महिने त्यांना एसीत झोपवायचं, हे कुणाला परवडणार?

विहारकाठ :
मग ‘सांडवा’ घ्या की! धरण भरलं की जादा पाणी सांडव्यावरून जातं. मराठीत तयार शब्द पडलाय आणि आपण बर्स्ट बर्स्ट करत बसलोय.

चेंबूरकर :
शब्द सुरेख आहे, पण विहारचं सांडलेलं पाणी मिठी नदीत जातं ते परत येत नाही. यांच्या रनची उत्तरं परत यायला हवीत ना?

फार्मवाला :
येतात, आणि येताना बिल घेऊन येतात. क्लाउडवर डेटा चढवायला सहसा पैसे पडत नाहीत, उतरवायला पडतात. म्हणून आम्ही फक्त अहवाल खाली आणतो, वेव्हफॉर्मच्या (सिग्नलच्या आलेखांच्या) अगडबंब फाइली तिकडेच पुसून टाकतो. नवीन पोरांना हे पहिल्या दिवशी सांगावं लागतं. ‘सांडवा’ ऐकायला छान, पण त्यात वाया जाण्याचा वास आहे.

लालबाग_ते_लांजा :
विहारकाठ, तुमच्या वाक्यातच उत्तर आहे, ‘जादा’. गणपतीत एसटी मुंबईहून कोकणात जादा गाड्या सोडते. मुंबईच्या आगारांना तेवढ्या पुरत नाहीत म्हणून दुसऱ्या विभागांतून मागवतात, सण संपला की परत पाठवतात. कायमच्या विकत घेत नाहीत. ‘जादा मशीन’ म्हटलं की पहिल्याच वाचनात कळेल. आणि मग फार्मला ‘आगार’ का नको? संगणक-आगार.

दादर_पूर्व :
‘जादा’ आवडला. तत्पुरता आणि बाहेरून आणलेला, दोन्ही अर्थ त्यात न सांगता येतात. आगाराबद्दल मात्र शंका आहे. आगारात गाड्या मुक्कामाला असतात, धावतात रस्त्यावर.

फार्मवाला :
आमच्या मशीन तर मुक्कामाला कधीच नसतात. आमच्याकडे सगळे ‘फार्म भरलाय’, ‘फार्मवर रन टाकलाय’ असंच बोलतात. पण छापायला ‘शेत’ नको, कुणाला वाटेल भाताच्या खाचरात सर्व्हर ठेवलेत.

विहारकाठ :
ताफा. बेस्टच्या बसचा ताफा म्हणतोच की आपण. एकसारख्या पुष्कळ गाड्या, सगळ्या एकाच नियंत्रणाखाली. मळा, वाडी, आगर यातलं काही नको, मुंबईत मिठागर सोडलं तर आगर कुणाला आठवतंय?

फार्मवाला :
ताफा चालेल. ‘ताफा भरला’ म्हणता येणार नाही, ‘अपुरा पडला’ म्हणावं लागेल, एवढंच.

अनुवादकाला आणखी एक सांगा, कारण लेखात हे निसटलेलं दिसतंय. जॉब वाटायला आमच्याकडे एलएसएफ नावाची प्रणाली आहे. रांगेत अडकलेल्या जॉबसमोर तिथे ‘पेंड’ (‘पेंडिंग’चं लघुरूप) असं दिसतं, आणि घोडं खरोखर तिथेच पेंड खातं. क्लाउडवर मशीन काही मिनिटांत मिळते, लायसन्स तसं मिळत नाही. सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्स या तिघांच्या सॉफ्टवेअरवर जगातलं बहुतेक चिप आरेखन चालतं. जितकी लायसन्स घेतलीत तितकेच रन एका वेळी. पाचशे मशीन आणल्या आणि लायसन्स शंभर, तर चारशे मशीनचं भाडं फुकट. दुसरी अडचण कारखान्याची. ट्रान्झिस्टरची जी माहिती फाउंड्री आपल्याला देते ती गोपनीयतेच्या कराराखाली असते. तिला विचारल्याशिवाय ती माहिती परक्या डेटा सेंटरमध्ये नेता येत नाही, मग ते डेटा सेंटर मुंबईत असो नाहीतर आणखी कुठे. तैवानच्या टीएसएमसीने २०१८ मध्ये अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, केडन्स आणि सिनॉप्सिसला सोबत घेऊन क्लाउडवर आरेखनाची सोय जाहीर केली. त्यानंतर ही परवानगी मागणं पूर्वीइतकं चमत्कारिक वाटेनासं झालं.

चेंबूरकर :
आणि टेप-आउट? इथे कसली टेप?

फार्मवाला :
चुंबकीय टेप. पूर्वी आराखड्याची फाइल टेपवर भरून मास्क (चिपवर आराखडा उमटवायचा साचा) बनवणाऱ्याकडे पाठवत. जीडीएस-टू नावाचा तो फाइल-नमुना ‘काल्मा’ कंपनीने १९७८ मध्ये आणला, तो अजूनही वापरात आहे. टेप गेली, फाइल राहिली. पवईच्या आयआयटीत आखलेल्या ‘अजित’ प्रोसेसरचंही मोहालीच्या कारखान्याकडे जाताना टेप-आउटच झालं, टेपशिवाय.

लालबाग_ते_लांजा :
पाठवणी म्हणा. मास्क बनले की रडून उपयोग नाही.

दादर_पूर्व :
हसले, पण छापणार नाही. वाचक लग्नाच्या हॉलमध्ये जाईल आणि परत येणार नाही. टेप-आउट तसंच ठेवते, पहिल्यांदा येईल तिथे ‘अंतिम आराखडा मास्ककडे रवाना होणे’ असं एक वाक्य घालते. पूर्ण वाक्य आता असं :

‘टेप-आउट जवळ आलं की कंपनीचा संगणक-ताफा अपुरा पडतो. मग क्लाउडवरून जादा मशीन भाड्याने घेऊन रन उरकतात.’

विहारकाठ :
सांडवा गेला तो गेलाच. ‘जादा’ तरी मूळचा फारसीकडून आलेला, हे शुद्ध मराठीवाल्यांना सांगू नका.

फार्मवाला :
‘जादा मशीन’च्या पुढे ‘आणि तेवढी लायसन्स’ घाला. नाहीतर हा लेख वाचून कुणीतरी आमच्या साहेबांना सांगेल की क्लाउड घेतला, प्रश्न मिटला.

दादर_पूर्व :
घातलं.