लिनक्सवर छोटा ब्राउझर करायचाय, जीटीके घेऊ का क्यूटी?

निळीशाई:
नमस्कार मंडळी, शिकायला म्हणून एक साधा ब्राउझर करायचाय, टॅब, पत्त्याची पट्टी, बुकमार्क एवढंच, पण टूलकिट (खिडक्या, बटणं काढून देणारी लायब्ररी, जीटीके, क्यूटी वगैरे) कुठलं घ्यावं इथेच गाडी अडलीये. सी बऱ्यापैकी येतं, पायथन येतं, सी प्लस प्लस बघितलं की झोप येते. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम. एकजण म्हणाला एफएलटीके घे, तेही टूलकिटच, एकदम हलकं. मराठी पेपर मात्र नीट वाचता आले पाहिजेत.

टर्मिनलवाला:
अरे टूलकिट नंतर, आधी इंजिन ठरव. टूलकिट बटणं नि मेनू काढतं, आतलं पान इंजिनच रंगवतं. वेबकिट इंजिन हवं तर वेबकिटजीटीके, म्हणजे जीटीके आलंच, ग्नोम डेस्कटॉपचा एपिफनी ब्राउझर तसाच आहे. क्रोमियमचं इंजिन हवं तर क्यूटी वेबइंजिन, फाल्कन ब्राउझर त्यावर चालतो. सी येतं ना, मग सकलेसवाल्यांच्या सर्फ ब्राउझरचा कोड उघडून वाच, जवळपास सगळा एका सी फाइलीत आहे.

पेंग्विनपंत:
पायथन येत असेल तर क्यूटी का नको? क्यूटब्राउझर पायथनमध्येच लिहिलाय. क्यूटी पायथनमधून वापरायला दोन लायब्ररी आहेत, फक्त लायसन बघून घे, पायक्यूटी जीपीएल आहे (ब्राउझर वाटलास तर तुझा कोडही खुला करावा लागतो), पायसाइड त्याहून सैल अशा एलजीपीएलवर मिळतं. आणि नेटवर क्यूटीवेबकिटचे (क्यूटीत पूर्वी असलेल्या वेबकिटचे) जुने धडे सापडतील त्यांच्या नादी लागू नकोस, ते क्यूटी ५.६ मध्येच काढून टाकलं, २०१६ साली. वेबइंजिन डिस्ट्रोचं तयार पॅकेजच घे, ४ जीबीवर सोर्समधून बिल्ड करायला बसलास तर मशीन रडेल. बाकी गंमत बघा, वेबकिट निघालं केडीई या क्यूटीवरच्या डेस्कटॉपच्या केएचटीएमएल इंजिनमधून, म्हणजे क्यूटीवाल्यांच्या घरातून, आणि आता लिनक्सवर नांदतंय जीटीकेकडे!

जोडाक्षर:
@टर्मिनलवाला, पान इंजिनच रंगवतं म्हणालास, एफएलटीकेच्या बाबतीत ते पूर्ण खरं नाही हो. एफएलटीकेवरचा ब्राउझर डिलो, त्याचं इंजिन स्वतःचं आहे पण अक्षरं तो एफएलटीकेकडूनच काढून घेतो, आणि एफएलटीके १.३ ला देवनागरीची जुळणी जमत नाही, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं हलंत दाखवून फुटतात, मराठी पेपर वाचवत नाही. १.४ पासून पँगो (अक्षरांची जुळणी करणारी लायब्ररी) जोडायची सोय आहे, पण डिलोत जावास्क्रिप्टच नाही, त्यामुळे बऱ्याच साइट तशाही अर्धवटच दिसणार. जीटीकेत पँगो नि तसंच जुळणीचं काम करणारं हार्फबझ आधीपासून आहेत.

निळीशाई:
मग एफएलटीके बाद. सी आणि वेबकिटजीटीके करतो. पण पॅकेजं दोन दिसतायत, ४.१ आणि ६.०, कुठलं?

टर्मिनलवाला:
४.१ जीटीके ३ साठी, ६.० जीटीके ४ साठी. नव्याने लिहितोयस तर ६.० घे, पण सर्फ जीटीके ३ वर आहे, त्यातला कोड जसाच्या तसा चिकटवू नकोस.