मदत हवी आहे : नेमाड्यांवर बोलायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या वाचनालयात कादंबरीकार भालचंद्र नेमाडे यांच्यावर अर्धा तास बोलायचं कबूल केलंय. ‘कोसला’ (१९६३) तीनदा वाचली. नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं आली की अजूनही पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसते. त्यावर बोलता येईल. अडलंय ते पुढे.

‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ या चार कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील गावोगावी प्राध्यापकी करत फिरतो. नेमाड्यांनी स्वतः नगर, धुळे, औरंगाबाद, पुढे लंडन, गोवा अशा ठिकाणी शिकवलं. हा धागा किती ताणावा? लेखकाचं आयुष्य कादंबरीवर चिकटवणं मला पटत नाही, पण त्यांच्या जन्मगावाचा, सांगवीचा, आणि खानदेशचा उल्लेख टाळताही येत नाही.

चारांपैकी एकच नीट वाचायला वेळ आहे. कुठली घेऊ? ‘हिंदू’ (२०१०) अर्धी झालीय, तिचा नायक खंडेराव अजून त्याच्या गावात, मोरगावातच आहे.

आणि नेमाड्यांचा देशीवाद, म्हणजे साहित्य आपल्या मातीत, आपल्या परंपरेत रुजलेलं असावं हा विचार, पाच मिनिटांत, दहावीच्या मुलांनाही कळेल असा कसा सांगाल? कुणी त्यांच्या वर्गात बसलं असेल तर आठवणी जरूर लिहा, फार उपयोग होईल.