घरच्या पूल टेबलाची पॉकेटे अरुंद करून घ्यायची आहेत, मार्गदर्शन हवे

धागाकर्ता: निळा खडू

नमस्कार. माझ्याकडे घरी आठ फुटी पूल टेबल आहे. नाशिकमधील एक पूल पार्लर बंद झाले तेव्हा मी ते विकत घेतले. स्लेट, म्हणजे कापडाखालची दगडी फरशी, तीन तुकड्यांची असून सांधे चांगले बसलेले आहेत, लेव्हल व्यवस्थित आहे आणि कुशनचे, म्हणजे बॉल ज्यावरून उसळतो त्या काठाचे, रबर के-६६ छेदाचे आहे. तक्रार एवढीच की पॉकेटे फार ऐसपैस आहेत. पार्लरमध्ये नवख्या गिऱ्हाइकाचाही बॉल पडावा, डाव लवकर संपावा आणि पुढचा डाव लागावा, या हिशेबाने ती तशी ठेवलेली असणार. घरी एकट्याने सराव करताना मात्र त्याचा तोटा होतो, कारण जो फटका क्लबातील टेबलावर जॉवर, म्हणजे पॉकेटाच्या तोंडाच्या बाजूंवर, आपटून बाहेर येतो तोच इथे निमूट आत जातो आणि नेम चुकला होता हे कळतच नाही.

मापे देतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोयीचे जाईल. कोपऱ्यातील पॉकेटाचे तोंड, म्हणजे दोन्ही कुशनच्या नाकांच्या (बॉल लागतो त्या पुढे आलेल्या कडांच्या) टोकांमधील अंतर, १३० मिमी भरते, तर मधल्या पॉकेटांचे १४० मिमी. जागतिक पूल संघटनेच्या नियमावलीत कोपऱ्यासाठी साडेचार ते चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच, म्हणजे ११४.३ ते ११७.५ मिमी, आणि मधल्या पॉकेटासाठी १२७ ते १३०.२ मिमी असे माप दिलेले आहे. म्हणजे माझे कोपरे नियमावलीतील मधल्या पॉकेटाएवढे आहेत! बॉलचा व्यास ५७.१५ मिमी असल्यामुळे साडेचार इंची तोंड बरोबर दोन बॉलांएवढे होते. अशा पॉकेटाच्या तोंडाशी दोन बॉल शेजारी शेजारी ठेवले तर नाममात्र फट उरते. माझ्याकडे दोन बॉल ठेवल्यावर मध्ये अंगठा आरामात जातो.

पॉकेटाच्या आतील बाजूला, कापडाखाली, कुशनच्या कापलेल्या तोंडावर जी रबराची पट्टी चिकटवलेली असते, जिला फिटर लोक फेसिंग म्हणतात, ती माझ्या टेबलावर ३ मिमी जाडीची आहे. कागदी नमुना कापून कुशनची सरळ कड आणि हे कापलेले तोंड यांमधील कोन तपासला, तो कोपऱ्यात १४२ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे नियमाप्रमाणेच. दोन्ही नाकांवर पट्टी आडवी धरून तिथपासून स्लेटच्या काठापर्यंतचे अंतर, ज्याला शेल्फ म्हणतात, ते ४५ मिमी आहे.

आतापर्यंत मला तीन मार्ग दिसले आहेत. पहिला मार्ग म्हणजे बाजारात मिळणारे, जॉवर बाहेरून अडकवायचे रबरी किंवा प्लास्टिकचे तुकडे. एका मित्राकडील असे तुकडे मी आणून लावून पाहिले. सरळ पॉकेटाकडे येणाऱ्या बॉलसाठी ते ठीक चालतात, पण कुशनला घासत येणारा बॉल त्या तुकड्याच्या कडेवर, जिथे कापड संपते आणि तुकडा सुरू होतो, तिथे अडखळून टेबलाच्या मध्याकडे उडतो. खऱ्या टेबलावर असे कधी होत नाही, त्यामुळे त्यावर सराव करून उलट चुकीची सवय लागेल असे वाटते. दुसरा मार्ग म्हणजे सध्याच्या फेसिंगच्या जागी जाड फेसिंग बसवणे, किंवा आहे त्यावरच आणखी एक थर चिकटवणे. तिसरा, आणि सर्वांत खर्चिक, म्हणजे रेलच्या (कुशन ज्यावर बसते त्या कडेच्या पट्टीच्या) आतील लाकूडच टोकांना वाढवून नवे रबर आणि नवे कापड बसवणे.

येथील एका फिटरने दुसरा मार्ग सुचवला आहे. त्याचे म्हणणे असे की ३ मिमीवर ६ मिमीचा थर चढवला की काम झाले. मला मात्र शंका आहे. एवढ्या जाड, लिबलिबीत रबरावर आदळलेला बॉल आत जाईल की बाहेर फेकला जाईल? तोंड अरुंद केले की शेल्फची खोलीही बदलते का, आणि बदलत असल्यास वाढते की घटते? मला कोपरे साधारण ११५ मिमीपर्यंत आणायचे आहेत. पॉकेट नुसते लहान व्हावे असे नाही, तर चांगल्या टेबलासारखे वागावे, म्हणजे चांगला फटका स्वीकारावा आणि वाईट फटका नाकारावा, अशी इच्छा आहे. ज्यांनी असे काम करून घेतले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद: सागवान

आपण मापे दिली आहेत त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आधी फेसिंगचा हिशेब पाहू. कोपऱ्यातील कापाचा कोन १४२ अंश असताना फेसिंगची जाडी जेवढी वाढवावी त्याच्या साधारण सव्वादोन पट तोंड कमी होते, कारण थर दोन्ही बाजूंना चढतो आणि तिरका असल्यामुळे नाकाचे टोक थराच्या जाडीपेक्षा जास्त पुढे सरकते. म्हणजे ३ मिमीच्या जागी ६ मिमी फेसिंग लावल्यास तोंड १३० वरून सुमारे १२३ वर येईल, ११५ वर नाही. ११५ साठी प्रत्येक बाजूला आणखी साडेसहा मिमी हवे, म्हणजे एकूण जाडी साडेनऊ मिमीच्या आसपास जाईल. नियमावलीत फेसिंगची जाडी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, एवढीच मर्यादित ठेवली आहे आणि त्याला कारण आहे. फेसिंगचे रबर कुशनच्या रबरापेक्षा कडक असावे लागते. बॉल जॉला लागल्यावर त्याचा जोर तिथेच मोडावा आणि तो खाली घसरावा, हे त्याचे काम. थरावर थर चढवले की ते स्प्रिंगसारखे दबते आणि बॉल एका जॉवरून दुसऱ्यावर उड्या मारत बाहेर येतो. आपली शंका रास्त आहे.

शेल्फबद्दल: तोंड अरुंद करताना कुशनची टोके कोपऱ्याच्या दिशेने पुढे सरकतात, त्यामुळे तोंडाची रेषाही कोपऱ्याकडे सरकते आणि शेल्फ घटते. घट साधारणपणे तोंडाच्या घटीच्या निम्मी असते. आपले तोंड १५ मिमीने कमी झाले तर शेल्फ ४५ वरून साडेसदतीसच्या आसपास येईल. नियमावलीत कोपऱ्यासाठी एक ते सव्वादोन इंच चालते, त्यामुळे चिंता नको. किंबहुना थोडे उथळ शेल्फ अरुंद तोंडाला बरेच असते, कारण खोल शेल्फ आणि अरुंद तोंड एकत्र आले की हळू मारलेला बॉलही जॉमध्ये खडखडत अडकून बसतो.

म्हणून माझे मत तिसऱ्या मार्गाला आहे. सहाही रेल उतरवाव्यात, जुने रबर काढून टाकावे आणि प्रत्येक रेलच्या कोपऱ्याकडील टोकाला त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सरस आणि स्क्रूने पक्का जोडून लांबी दहा ते अकरा मिमीने वाढवावी. तुकडा थोडा जादा लांब जोडून नंतर कोनात कापलेला चांगला. कापताना आडवा कोन १४२ अंश तर हवाच, पण उभा उतारही १२ ते १५ अंशांचा हवा, म्हणजे वरची कड किंचित पुढे आणि खालची आत. सुतार मंडळी हा उतार हमखास विसरतात, आणि तो नसला तर जोरात आलेला बॉल जॉला लागून वर उसळतो. त्यानंतर संपूर्ण लांबीचे नवे रबर बसवावे. जुन्या रबराला टोकाशी छोटा तुकडा जोडून भागवू नये, कारण नेमक्या सांध्यावर बॉल लागला की उसळी वेगळी येते. रबर चिकटवताना नाकाची उंची मात्र तपासून घ्यावी. ती बॉलच्या व्यासाच्या साडेत्रेसष्ट टक्के, म्हणजे स्लेटपासून ३६ मिमीच्या थोडी वर यायला हवी. शेवटी ३ मिमीचे कडक फेसिंग आणि नवे कापड. जुने कापड वाढलेल्या टोकांना पुरणार नाही. फेसिंगवरून कापड ओढताना बॉल लागतो त्या भागात चुणी राहू देऊ नये; चुण्या मागच्या बाजूला, स्टेपलखाली जाव्यात.

मधल्या पॉकेटांना मात्र लाकूड वाढवण्याची गरज नाही. तिथे काप जवळजवळ सरळ, १०४ अंशांचा असल्याने जाडीच्या दुप्पट एवढीच घट होते. ३ च्या जागी ६ मिमी फेसिंग लावले की १४० चे १३४ होतील आणि घरच्या सरावाला तेवढे पुरे. कोपऱ्यांचे म्हणाल तर ११५ चा हट्ट धरू नये, ११७ पुरे.

प्रतिसाद: मधले पॉकेट

वरील प्रतिसाद तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. पॉकेटात जागा असते तेव्हा चांगला खेळाडू ती वापरतो: बॉल पॉकेटाच्या डाव्या किंवा उजव्या अंगाने घालून पांढऱ्या बॉलला वेगळा कोन देतो. पॉकेटे अतिशय अरुंद केली की हा भाग सरावातून निघून जातो, खेळाडू प्रत्येक बॉल दबकत, मधोमध, हळू मारू लागतो आणि त्याची पोझिशन, म्हणजे पुढच्या फटक्यासाठी पांढरा बॉल हव्या जागी आणणे, बिघडते. रशियन पिरॅमिडमध्ये ६८ मिमीच्या बॉलला कोपऱ्यात जेमतेम ७२-७३ मिमी जागा असते, पण तो खेळच निराळा आहे आणि त्याचे डावपेचही त्याला साजेसे आहेत. खर्च करण्याआधी सध्याच्याच टेबलावर पॉकेटाची कोणती बाजू धरायची ते आधी मनाशी ठरवून फटका मारावा, आणि बॉल दुसऱ्या बाजूने पडला तर तो चुकला असे धरावे. फुकटात बरेच साधते.

धागाकर्ता: निळा खडू

दोघांचेही मनापासून आभार. पॉकेटाची बाजू ठरवून खेळण्याचा प्रयोग आजपासूनच सुरू करतो, पण १३० मिमीच्या पॉकेटात बॉल नेमका कुठून गेला हे वेगात पाहणे कठीण जाते आणि स्वतःच पंच असल्यावर मन सवलत देते, त्यामुळे लाकडाचे काम करून घेण्याचा विचार पक्का आहे. कोपरे ११७ मिमी आणि मधली पॉकेटे १३४ मिमी, हे माप मान्य. फिटरला फोनवर उभ्या उताराविषयी विचारले तेव्हा त्याने तो "अंदाजाने देतो" असे सांगितले, म्हणून हे काम त्याच्याकडे सोपवण्याची हिंमत होत नाही. सध्या हवा दमट आहे आणि लाकूड फुगलेले असताना नेमके माप घेऊन जोडकाम करणे योग्य वाटत नाही, तेव्हा पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर रेल उतरवीन. नाशिक, पुणे किंवा ठाणे परिसरात रेलचे लाकूड वाढवण्याचे काम प्रत्यक्ष केलेला फिटर कोणाच्या माहितीत असल्यास कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. सहा रेल गाडीत घालून तिकडे नेण्याची माझी तयारी आहे.