दिल्ली, शनिवार ते सोमवार, सोबत आई: काय ठेवू, काय सोडू?

नीरजा_का
नमस्कार मंडळी. डिसेंबरात दिल्लीला जातोय. मी, आई आणि आठवीतला मुलगा. शनिवारी दुपारी पोचू, सोमवारी रात्री परतीची गाडी. राहायला मावसबहिणीचं घर आहे. तिकिटं, मेट्रो, रिक्षा, बाहेरचं खाणं मिळून तिघांचे चार हजार, त्यावर जायचं नाही. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर आरामात चालते, पण जिने नकोत. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर यातलं काय ठेवू?

वाटसरू
सरळ दिवसभराची गाडी करा. आम्ही इनोव्हा केली होती, आईवडील एकदम खूश. आणि दिल्लीपर्यंत जाताय तर आग्रा सोडू नका, पहाटे निघालात की रात्री परत.

नीरजा_का
दादा, गाडी आणि आग्रा चार हजारांत बसणार नाही.

वाटसरू
अहो, थोडं वाढवा ना बजेट. आईला घेऊन पुन्हा पुन्हा जाणं होतं का?

दिल्लीकर_एकेकाळी
आधी वार बघा. सोमवारी लाल किल्ला बंद. राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम, कमळ मंदिर हेही बंद. कुतुब, हुमायून, जंतरमंतर सोमवारी उघडे असतात. मुलगा पंधराच्या आतला असेल तर पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी त्याला तिकीट लागत नाही, वयाचा पुरावा जवळ असू द्या. आणि डिसेंबरात धुक्यामुळे गाड्या लेट होतात, म्हणून शनिवारवर फार काही लादू नका.

सह्यभटक्या
लाल किल्ला सोडा. 1857 नंतर इंग्रजांनी आतले बरेचसे महाल पाडून बराकी बांधल्या, राहिलंय काय तिथे? आम्ही रविवारी गेलो होतो, तपासणीच्या रांगेतच निम्मा जीव गेला. हुमायून बघा. ताजच्या आधीची इमारत, बाग सुंदर, गर्दीही कमी.

मेघना_ठाणे
+1, लाल किल्ला नको. रविवारी तर नकोच नको. हुमायून बेस्ट.

इतिहासवेडा
राहिलंय काय म्हणजे? दिवाण-ए-खास, म्हणजे बादशहाचा खास दरबार, उभा आहे. त्याचं चांदीचं छत 1760 साली सदाशिवरावभाऊंनी उतरवलं आणि वितळवून नाणी पाडली. मराठी माणसाने तिथे जायलाच हवं.

सह्यभटक्या
ते नादिरशाहाने लुटलं ना?

इतिहासवेडा
नादिरशाह 1739 चा. त्याने मयूरासन नेलं. छत भाऊंनी काढलं, पानिपतच्या आधीच्या वर्षी. फौजेचे पगार थकले होते, पुण्याहून पैसा येत नव्हता. आताचं लाकडी छत नंतरचं आहे. बाजीराव तर 1737 मध्येच दिल्लीवर चालून गेले होते, तालकटोऱ्यापर्यंत.

मेघना_ठाणे
पगार थकले म्हणून दरबाराचं छत उतरवायचं? त्यानेच उत्तरेतले लोक दुरावले.

इतिहासवेडा
उपाशी फौज लढते का? यावर वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

सुनबाई_नाशिक
गुडघ्यांचं कोणीच बोलत नाहीये! हुमायूनची कबर उंच चौथऱ्यावर आहे आणि वर जायच्या पायऱ्या अगदी उभ्या. माझ्या सासूबाई खाली बागेतच बसल्या. त्यापेक्षा कुतुब बरा. मिनारात 1981 च्या चेंगराचेंगरीनंतर कोणालाच चढू देत नाहीत, त्यामुळे आईंचं काही हुकणार नाही. तिथल्याच आवारातल्या मशिदीचे खांब जुन्या देवळांचे आहेत. जवळ जाऊन बघा, साखळीला लटकलेल्या घंटा कोरल्या आहेत. लोहस्तंभाला आता कठडा आहे, हात लावता येत नाही.

वाटसरू
कुतुब मेट्रो स्टेशनपासून बराच लांब आहे. म्हणूनच गाडी म्हणतोय.

दिल्लीकर_एकेकाळी
स्टेशनवरून रिक्षा मिळते. मीटर किंवा भाडं आधी ठरवा. लाल किल्ल्याला गेलात तर व्हायलेट लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे, तिथेच उतरा. चांदनी चौकला उतरलात तर आईंना गर्दीतून चालावं लागेल.

खवय्या_सांगली
जेवायला महाराष्ट्र सदन गाठा. दिल्लीत पोळीभाजी मिळाली की आईवडिलांचा थकवा उतरतो, स्वानुभव आहे.

नीरजा_का
सगळ्यांचे आभार. आईला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "भाऊंनी छत काढलं ती जागा मला बघायची आहे, बाकी तुमचं तुम्ही ठरवा." त्यामुळे रविवारी सकाळी दार उघडायच्या वेळी लाल किल्ला, रांग असली तरी. मुलाला आझाद हिंद सेनेचा खटला जिथे चालला ती जागाही बघता येईल. सोमवारी कुतुब. हुमायून या वेळी नाही. गाडीही करत नाही.

सह्यभटक्या
रविवारी लाल किल्ला! सांगूनही तेच. निदान तिकीट ऑनलाइन काढा, एक रांग वाचेल.

सुनबाई_नाशिक
लाहोरी दरवाज्यापासून दिवाण-ए-खास बरंच आत आहे. आधी छत्ता बाजार, मग नौबतखाना, मग दिवाण-ए-आम. प्रत्येक ठिकाणी आईंना थोडं बसवत न्या. आणि सकाळी स्वेटर हवाच.