विषय : मंगळवारची बोर्ड मीटिंग, फोनचं धोरण आणि विद्यार्थी सभासद

प्रेषक : शिक्षण समिती

नमस्कार मंडळी,

पुढच्या मंगळवारी आपल्या डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळांच्या) स्कूल बोर्डापुढे दोन विषय आहेत. शाळेतल्या फोनच्या धोरणाचा मसुदा फर्स्ट रीडिंगला, म्हणजे पहिल्या चर्चेला, येतोय. आणि बोर्डावर विद्यार्थी सभासद घ्यावा म्हणून हायस्कूलच्या मुलांनी सह्यांचा अर्ज दिलाय, तोही अजेंड्यावर आहे.

फोनचं धोरण डिस्ट्रिक्टला करावंच लागणार. कॅलिफोर्नियाच्या २०२४ च्या कायद्याप्रमाणे १ जुलै २०२६ पर्यंत प्रत्येक डिस्ट्रिक्टने शाळेतल्या स्मार्टफोनवर मर्यादा तरी घालायची किंवा बंदी तरी. पण धोरण ठरवताना विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांचा भरीव सहभाग हवा, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. आपल्याला सर्व्हे आला होता, शिक्षकांबरोबर बैठक झाली. मुलांना काही विचारल्याचा मसुद्यात कुठेच उल्लेख नाही. ही गोष्ट मला फार लागली. दिवसाचे सात तास ज्यांना हा नियम पाळायचाय, तेच यातून वगळले गेले.

ज्यांना जमेल त्यांनी जरूर या आणि मुलांना बरोबर आणा. त्यांच्या वतीने आपण बोलण्यापेक्षा त्यांनाच बोलू द्या.

---

प्रेषक : एक पालक (मुलं सहावीत आणि नववीत)

ताई, नमस्कार.

तुमची कळकळ समजते, पण मला स्पष्ट लिहू दे. वर्गात फोन नकोच. आमच्या घरी त्यावरून रोज वाद होतात आणि शाळेने तो काढून घेतला तर मी आभारच मानीन. मुलांना विचारलं तर ती काय सांगणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरं, विद्यार्थी सभासदाचं मत मोजतच नाहीत असं ऐकलं. मग एवढ्या सह्या कशासाठी? त्या वेळात मुलांचा अभ्यास झाला असता. तिसरं, आपल्या मराठी मंडळाने यात पडावं का? आपली संस्था नॉन-प्रॉफिट आहे.

---

प्रेषक : शिक्षण समिती

दादा, आधी तिसऱ्याचं सांगते, ते सोपं आहे. निवडणुकीतल्या उमेदवाराचा प्रचार मंडळाला करता येत नाही. तसं इथे काही नाही. तरीही मंडळाच्या नावाने कुणी बोलायचं नाही, पालक म्हणून बोलायचं.

मताचं तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे, पण अर्धंच. आपल्या राज्यात हायस्कूलच्या ५०० विद्यार्थ्यांनी किंवा एकूण संख्येच्या १० टक्क्यांनी, यातला जो आकडा लहान असेल तेवढ्यांनी सह्या केल्या की बोर्डाला विद्यार्थी सभासद घ्यावाच लागतो. तो हायस्कूलची मुलं निवडतात. बंद दाराआडची सत्रं सोडली तर प्रत्येक सभेत त्याला बसता येतं, प्रश्न विचारता येतात, आणि सभेचे कागद त्याला ट्रस्टींबरोबरच (बोर्डाच्या निवडून आलेल्या सभासदांबरोबरच) मिळतात. त्याचं मत निकालात धरत नाहीत. मात्र ते ट्रस्टींच्या मतदानाच्या आधी घेतलं जातं आणि मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या वृत्तांतात, लिहिलं जातं. मला यातलं 'आधी' फार महत्त्वाचं वाटतं. मुलांचा प्रतिनिधी 'नाही' म्हणाल्यावर, ते कागदावर उमटल्यावर, ट्रस्टीला 'हो' म्हणायचं असेल तर कारण द्यावंसं वाटणारच. कारण मागायला आपणही समोर बसलेले असू.

आणि मत मोजणाऱ्या जागाही आहेत. मेरीलँडच्या हॉवर्ड काउंटीत सहावी ते अकरावीची मुलं आपला सभासद निवडतात. बजेट आणि नेमणुकांसारखे विषय वगळता त्याचं मत धरलं जातं. कोव्हिडच्या काळात शाळा उघडण्याच्या प्रश्नावर तिथे विद्यार्थी सभासदाचं मत धरून चार विरुद्ध चार अशी कोंडी झाली, तेव्हा काही पालक कोर्टात गेले. एवढ्या लहान मुलाला मत कसं देता, हाच त्यांचा मुद्दा. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. आपल्या जवळ बघायचं तर ओकलंड आणि बर्कलीत २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये १६ आणि १७ वर्षांच्या मुलांनी स्कूल बोर्डासाठी पहिल्यांदा मतदान केलं. बर्कलीच्या मतदारांनी त्याला २०१६ मध्येच कौल दिला होता, ओकलंडच्या २०२० मध्ये. मधली वर्षं यंत्रणा उभी करण्यात गेली.

अभ्यासाचं म्हणाल, तर या देशात मुलांच्या बोलण्याचा सगळ्यात मोठा खटला एका तेरा वर्षांच्या मुलीच्या आणि तिच्या भावाच्या नावावर आहे. आयोवातल्या डे मॉइन गावी १९६५ साली व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ मुलांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या, शाळेने त्यांना घरी पाठवलं. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की शाळेच्या फाटकाशी मुलांचे हक्क संपत नाहीत. आपली मुलं हे इतिहासाच्या पुस्तकात वाचतात. मंगळवारी त्यांना त्याचा उपयोग करून बघता येईल.

फोनबद्दल मात्र तुमचं-माझं बरंचसं एकमत आहे. वर्गात नको, हे मलाही मान्य.

---

प्रेषक : एक सभासद

एक विचारते. आम्ही अजून एच-१बी वर आहोत, ग्रीन कार्डच्या रांगेत. सध्याचं वातावरण बघून हे म्हणतात, नसत्या फंदात पडू नकोस. आम्ही बोललेलं चालतं का?

---

प्रेषक : मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद

ताई, भीती वाटणं अगदी समजण्यासारखं आहे. मी निवृत्त झाल्यापासून या सभांना नेमाने जातो, म्हणून सांगतो. पब्लिक कमेंट, म्हणजे सभेत लोकांनी बोलायची वेळ, सर्वांसाठी खुली असते, त्याला नागरिकत्व लागत नाही. राज्याच्या ब्राऊन कायद्याप्रमाणे (सार्वजनिक सभा खुल्या ठेवण्याचा हा कायदा) सभेत येऊन बसण्यासाठी नाव नोंदवायची सक्ती करता येत नाही. मात्र सभेचं रेकॉर्डिंग होतं आणि ते सगळ्यांना पाहता येतं, हे धरून निर्णय घ्या. बोलायचं नसेल तर ईमेल पाठवा, तीही रेकॉर्डवर जाते. तेही नको असेल तर नुसतं येऊन बसा. ट्रस्टी खुर्च्यांकडे बघत असतात.

मतदानाचं वेगळं. सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ च्या कौलानंतर नागरिक नसलेल्या पालकांनाही स्कूल बोर्डासाठी मत देता येतं. आपल्या गावात तशी सोय नाही. कृपा करून कुणी ऐकीव माहितीवर मतदार नोंदणीचा फॉर्म भरू नका, त्यातून खरोखरच अडचण होऊ शकते.

कुणाचे आई-बाबा सध्या इथे असतील तर त्यांनाही आणा. दुभाषामार्फत बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. नातवंडाने भाषांतर करावं, आजीने मराठीत बोलावं.

---

प्रेषक : अकरावीतली एक विद्यार्थिनी (आईने शुद्धलेखन तपासलं आहे)

सगळ्या काका-मावशींना नमस्कार.

मी सह्या गोळा केल्या, म्हणून लिहिते. आम्हाला वर्गात फोन नको आहे, हे आमच्यापैकी बऱ्याच जणांनी स्वतःहून सांगितलं. समोरचा स्क्रोल करत असला की आमचंही लक्ष जातं. आमचा प्रश्न लंचचा आहे. मसुद्यात पहिल्या बेलपासून शेवटच्या बेलपर्यंत फोन पाऊचमध्ये बंद. माझ्या मैत्रिणीला धाकट्या भावाला शाळेतून आणायचं असतं आणि आईची शिफ्ट बदलली की ती दुपारी मेसेज करते. एका मुलाची शुगर फोनवर दिसते. डॉक्टरांनी लिहून दिलं तर फोन ठेवू द्यावा लागतो असं कायद्यात आहे, पण मसुद्यात ते कसं मागायचं हेच नाही, म्हणून तो घाबरलाय. फोन जप्त झाला तर परत कधी आणि कुणाकडून मिळणार, हेही लिहिलेलं नाही. आम्ही लंचपुरती सूट मागतोय आणि या दोन गोष्टी लिहून मागतोय.

आम्हाला कोणी विचारलं असतं तर हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं.

---

प्रेषक : एक पालक (मुलं सहावीत आणि नववीत)

बाळ, पत्र वाचलं. लंचबद्दल मला अजून पटलेलं नाही, तिथेही फोन बाजूला ठेवून मुलांनी एकमेकांशी बोलावं असं मला मनापासून वाटतं. पण शुगरच्या मुलाचं आणि जप्तीचं लिहून मागताय ते शंभर टक्के योग्य आहे. मंगळवारी मी त्या दोन मुद्द्यांवर बोलेन. लंचचं तू बोल.

गाडीत चार जागा आहेत.

---

प्रेषक : शिक्षण समिती

दादा, मनापासून आभार. आता कामाचं. पूर्ण अजेंडा सभेच्या किमान ७२ तास आधी लागतो, म्हणजे शनिवारी संध्याकाळपर्यंत दिसेल. तो लागला की आधी कन्सेंट कॅलेंडर तपासा. त्यातले विषय चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात, विद्यार्थी सभासदाचा अर्ज तिथे सरकलाय का ते बघायचं. बोलणाऱ्यांनी स्पीकर कार्ड (बोलायचं असल्याची चिठ्ठी) विषय सुरू व्हायच्या आधी द्यायचं. वेळ साधारण दोन मिनिटं मिळेल, गर्दी झाली तर कमी, म्हणून पहिल्याच वाक्यात मागणी सांगा. मंगळवारी फोनचं धोरण मंजूर होणार नाही, सेकंड रीडिंगला होईल. बदल करून घ्यायची वेळ हीच आहे.

रविवारी दुपारी माझ्याकडे मुलांचा सराव ठेवला आहे. येणार असाल तर मला एकटीला उत्तर पाठवा, सगळ्या यादीला नको.