मदत हवी आहे: ऑनलाइन पोकरमध्ये विचाराचा वेळ आणि नेटचा उशीर वेगळे कसे ओळखायचे?

आम्ही मालवण, देवगड, गुहागरकडचे मित्र रात्री टेक्सास होल्डेम (पोकरचा एक प्रकार) खेळतो. चिप्स फुकटच्या. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यामुळे पैशांचा विषयच नाही, तेव्हा कृपया अ‍ॅप सुचवू नका.

समोरचा किती वेळात चाल करतो यावरून त्याचा हात (त्याच्याकडचे पत्ते) ओळखायला मला मनापासून शिकायचंय. ढोबळ आडाखे माहीत आहेत. फ्लॉपवर (पहिले तीन सामाईक पत्ते उघडल्यावर) झटकन कॉल (समोरच्याइतक्याच चिप्स लावणं) आला तर बहुधा मधली जोडी (मधल्या सामाईक पत्त्याशी जुळलेली) किंवा ड्रॉ (अजून एखादा पत्ता हवा असलेला अपुरा हात). हात भारी असता तर रेझ करू का (चिप्स वाढवू का), एवढा विचार तरी झाला असता. रिव्हरवर (शेवटच्या सामाईक पत्त्यावर) बराच वेळ घेऊन मोठा रेझ आला तर मी सहसा पत्ते टाकतो.

घोडं अडतं ते पावसात. गुहागरवाल्याकडे लाइट गेली की रेंजची एकच दांडी उरते, मग त्याचा साधा चेकसुद्धा (चिप्स न लावता पुढे जाणं) टायमर संपता संपता येतो, हात कसाही असो.

प्रत्येकाचा नेहमीचा वेग वहीत टिपून ठेवलाय. फ्लॉपआधीच्या फोल्डला (पत्ते टाकण्याला) लागलेला वेळ म्हणजे निव्वळ नेटचा उशीर, असं धरून पाहिलं. पण बरेच जण ‘चेक/फोल्ड’चं बटण आधीच दाबून ठेवतात, त्यामुळे तो आकडा फसवा निघतो. सगळे मोबाइलवरच खेळतो, हातांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर नाही.

मग नेटचा उशीर मोजायला नेमकी कुठली चाल धरायची? आणि एकाच रात्रीत रेंज वरखाली होत असेल, तर त्या खेळाडूच्या वेळेकडे साफ दुर्लक्ष करायचं, की बेटचा आकार (किती चिप्स लावल्या) आणि वेळ जोडीने पाहून काही हाती लागतं?