पोलीस-पालिकेच्या वायरलेससाठी सॉफ्टवेअर रेडिओ: सोलापूरला खरंच हवा आहे का?

भुईकोट कट्टा

उजनी आणि वीर, दोन्ही धरणांतून एकदम पाणी सुटलं की पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटातली माणसं हलवायची धांदल उडते. पोलीस, अग्निशमन, महसूल, पाटबंधारे, झालंच तर रेल्वे, सगळे कामाला लागतात. प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी, संच वेगवेगळ्या पिढीचे. एकाचा निरोप दुसऱ्याला शेवटी कुणाच्या तरी मोबाईलवरून जातो, आणि आषाढीच्या गर्दीत मोबाईलची काय गत होते ते वारीला गेलेल्यांना सांगायला नको.

माझं मत: इथून पुढे सरकारी वायरलेसची खरेदी करताना सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे एसडीआरच मागावा. जुन्या संचात मॉड्युलेशन (आवाज लहरीवर चढवणं), सांकेतीकरण (बोलणं कुलूपबंद करणं) वगैरे सर्किटात पक्कं बसवलेलं असतं. एसडीआरमध्ये अँटेनाने पकडलेल्या लहरीचे जमेल तितक्या लवकर आकडे करतात आणि पुढचं काम प्रोग्रॅम करतो. आज साधा व्हीएचएफ एफएम, म्हणजे जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीचा असलेला संच उद्या डिजिटल होऊ शकतो. आपल्या चादरीच्या जकार्ड मागासारखं आहे: कार्डं बदलली की नक्षी बदलते, माग तोच.

नौदलासाठी डीआरडीओने असा रेडिओ बनवला, २०२१ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सला त्याची हजार कोटींच्या वरची ऑर्डरही मिळाली. मग जिल्ह्याला का नको?

निवृत्त बिनतारी

जकार्डचं ठीक आहे, पण कार्डं बदलून सूत बदलत नाही. इथलं सूत म्हणजे अँटेना, फिल्टर आणि पॉवर अँप्लिफायर. १५० मेगाहर्ट्झसाठी कापलेला अँटेना ८०० ला नीट चालत नाही, प्रोग्रॅम कुठलाही घाला. सगळ्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांत चालणारा हा अँटेनाकडचा भाग करायचा म्हणजे संच महाग, जड आणि गरम.

अमेरिकेच्या सैन्याने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हेच आरंभलं होतं. जॉइंट टॅक्टिकल रेडिओ सिस्टिम. सगळ्या दलांना एकाच घराण्यातले रेडिओ, प्रोग्रॅम बदलून वाटेल त्याच्याशी बोला. अब्जावधी डॉलर ओतले आणि लष्करी गाड्यांवर बसवायचा संच २०११ मध्ये रद्द करावा लागला. त्यांच्याकडे पैसा होता, माणसं होती.

मे महिन्यात सात रस्ता चौकात दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या हवालदाराला चाळीस प्रकारचे सिग्नल नको असतात. संध्याकाळपर्यंत पुरणारी बॅटरी आणि हातमोजा घालूनही दाबता येईल असं बटण हवं असतं. १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात हॅमवाल्यांनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, निरोप पोचवले ते साध्या संचांवरच.

टॉवरवाला

काका, तुम्ही सैन्याची फजिती सांगितली, धंद्यातली गोष्ट गाळली. मोबाईलच्या टॉवरवर हा वाद केव्हाच मिटलाय.

२००४ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने व्हानू नावाच्या छोट्या कंपनीचं जीएसएम बेस स्टेशन (मोबाईल टॉवरवरची रेडिओ यंत्रणा) एसडीआर म्हणून मंजूर केलं. त्यांच्या एसडीआर नियमांखालची ती पहिलीच मंजुरी. नंतर मोठ्या कंपन्यांचं सिंगल रॅन आलं. पूर्वी टूजीचं कपाट वेगळं, थ्रीजीचं वेगळं, प्रत्येकाला वेगळा एसी. आता एकाच पेटीत टूजी, थ्रीजी, फोरजी चालतं आणि कुठल्या पिढीला किती जागा द्यायची ते ऑफिसात बसून ठरतं. टॉवरवर चढावंही लागत नाही.

बीएसएनएलचं स्वदेशी फोरजी घ्या. तेजस कंपनीचे रेडिओ, सरकारी सी-डॉटचा कोअर (नेटवर्कचा मधला मेंदू), टीसीएसने जुळवलेलं. २७ सप्टेंबर २०२५ ला साडेसत्त्याण्णव हजारांवर टॉवरांचं उद्घाटन झालं, आणि हीच यंत्रणा सॉफ्टवेअर बदलून फाइव्हजीला नेता येईल हे त्यामागचं मोठं गणित. प्रत्येक पिढीला लोखंड बदलायचं असतं तर हिशेब कधी जुळला नसता.

एक मात्र कबूल. तुमच्या खिशातल्या फोनचा मोडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, अजूनही बराचसा पक्क्या सर्किटातच असतो. कारण बॅटरी.

निवृत्त बिनतारी

म्हणजे बाजू माझीच मांडलीत. टॉवरला वीज आहे, बॅटरी बँक आहे, पंखे आहेत. वर ज्या नौदलाच्या रेडिओचं कौतुक झालं तो चार चॅनेलचा, १९ इंची रॅकमध्ये बसवायचा संच आहे. जहाजावर जनरेटर असतो. मंगळवेढ्याच्या चौकीत इन्व्हर्टर चालला तरी नशीब.

डोंगल पोरगा

काय बे, सगळे बॅटरी बॅटरी करायलाव, सुरक्षेचं कोण बोलणार?

टीव्ही बघायचे ते यूएसबी डोंगल असतात ना, त्यातल्या आरटीएल२८३२यू चिपमधून कच्चे आकडे बाहेर काढता येतात हे २०१२ मध्ये लोकांच्या ध्यानात आलं. तेव्हापासून जगभरातली पोरं चार जेवणांच्या पैशांत रेडिओ शिकायलीत. मीपण त्यातलाच. विमानांचे सिग्नल, हवामान उपग्रहांची चित्रं, सगळं दिसतं. आठ बिटचा, म्हणजे जाडसर मोजणारा आहे, जवळ जोरदार एफएम स्टेशन असलं की आंधळा होतो, पण शिकायला पुरतो.

मुद्दा असा की आता ऐकणं स्वस्त झालंय आणि बोलणंही फार महाग राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडात कुणीतरी रेल्वेच्या १५० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर तीन सूर लागोपाठ वाजवले आणि वीसेक गाड्या जागच्या जागी थांबल्या. तो आणीबाणीत थांबायचा इशारा, कुलूप-किल्ली काही नाही. २०१७ मध्ये डॅलसमध्ये शहरभरचे १५६ भोंगे मध्यरात्री असेच रेडिओवरून वाजवले गेले. सरकारी वायरलेस साध्या एफएमवर ठेवायचं म्हणजे दार सताड उघडं.

निवृत्त बिनतारी

पोलंडला एसडीआर कशाला, ते साध्या वॉकीटॉकीवरही जमतं. दोष कुलूप नसण्याचा, संच जुना असण्याचा नव्हे. आणि पोरा, डोंगल जपून. आपल्याकडे बिनतारी संच नुसता बाळगायलाही परवाना लागतो हे १९३३ च्या कायद्यापासूनचं आहे. पोलिसांचं बोलणं ऐकून ग्रुपवर टाकशील तर आम्ही सोडवायला येणार नाही.

भुईकोट कट्टा

कुलपाचाच मुद्दा घ्या. २०२३ मध्येच नेदरलँड्सच्या संशोधकांनी टेट्राचं पितळ उघडं पाडलं. टेट्रा ही कितीतरी देशांच्या पोलिसांची डिजिटल वायरलेस पद्धत. त्यातल्या टीईए१ या सांकेतीकरणाची किल्ली कागदावर ८० बिटची, आतून गुपचूप ३२ बिटवर आणलेली. घरच्या कॉम्प्युटरवर फुटते. वर्षानुवर्षं कुणाला कळलं नाही कारण सूत्रच गुप्त ठेवलं होतं. असं कुलूप सर्किटात कोरलेलं असेल तर संच भंगारात. प्रोग्रॅममध्ये असेल तर नवं घालता येतं. एवढ्या एका कारणासाठी मी एसडीआरचे जास्तीचे पैसे मोजीन.

निविदा वाचक

नवं घालता येतं, पण घालणार कोण? दोघंही इथंच घसरताय.

सरकारी खरेदीत मी जे पाहत आलोय ते असं. निविदेत ‘सॉफ्टवेअर अपग्रेडेबल’ लिहितात, अपग्रेडचा दर लिहीत नाहीत. पाच वर्षांनी नवी पद्धत हवी म्हटलं की तोच पुरवठादार लायसन्सचे पैसे मागतो आणि ते नव्या संचाच्या किमतीच्या घरात जातात. दुसऱ्याकडून करून घ्यावं तर संच फक्त मूळ कंपनीच्याच डिजिटल सहीचा प्रोग्रॅम स्वीकारतो. ती सही काढूनही चालत नाही, नाहीतर डोंगलवाली पोरं त्यात शिरतील. म्हणजे एसडीआर घेऊनही तुम्ही एकाच दुकानाला बांधलेले.

ज्या प्रोग्रॅममुळे रेडिओ अमुक पद्धतीने बोलतो त्याला वेव्हफॉर्म म्हणतात. तो एका कंपनीच्या संचावरून दुसऱ्याच्या संचावर नेता आला तरच या सगळ्याला अर्थ. अमेरिकेच्या त्या फसलेल्या कार्यक्रमातून जे टिकलं ते नेमकं हेच, एससीए नावाचं सामायिक चौकटीचं मानक. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये डीआरडीओ आणि तिन्ही दलांनी ‘इंडियन रेडिओ सॉफ्टवेअर आर्किटेक्चर’ याच कारणासाठी जाहीर केलं. सैन्याला जी अक्कल सुचली ती पोलीस आणि पालिकेच्या निविदांत यावी. वेव्हफॉर्मवर खरेदीदाराचा हक्क, सहीची किल्ली राज्याच्या ताब्यात, पुढच्या अपग्रेडचा दर आजच ठरलेला. हे मिळत नसेल तर काकांचा साधा संच घ्या, निदान स्वस्त तरी आहे.

टॉवरवाला

लाख बोललात. बीएसएनएलच्या यंत्रणेचा खरा फायदा मला तिथंच दिसतो, कोड देशात आहे. फाइव्हजी येईल तेव्हा येईल.

निवृत्त बिनतारी

निविदावाल्यांशी माझं भांडण नाही. पण सगळे एक गोष्ट विसरताय. फ्रिक्वेन्सी दिल्लीची डब्ल्यूपीसी, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार खात्याची शाखा, नेमून देते. तुमचा संच रेल्वेच्या पट्ट्यात बोलू शकतो म्हणून बोलायची मुभा मिळत नाही. आधी पंढरपूरसाठी सगळ्या खात्यांना मिळून एक आपत्ती चॅनेल मागणारं पत्र जिल्ह्यातून जाऊ दे. ते मंजूर झालं की आहेत त्या व्हीएचएफ संचांत एक जादा चॅनेल भरायचं काम तासाभराचं. मग एसडीआरची गरज किती उरते ते बोलू.

भुईकोट कट्टा

पत्र जाऊ दे, पहिली सही माझी घ्या. पण त्या एका चॅनेलवर पाच खाती एकदम बोलायला लागली की पुराच्या रात्री कुणाचंच ऐकू येणार नाही, आणि तो चॅनेल डोंगलवालाही ऐकणार. हातातले संच तुमचे साधेच राहू देत. नियंत्रण कक्षात आणि गाड्यांवर, जिथं वीज आहे तिथं, एसडीआर बसवा आणि खात्यांचे चॅनेल तिथं जोडा. त्याला तुमची हरकत काय?

निवृत्त बिनतारी

नियंत्रण कक्षात बसवा. गाड्यांचं नंतर बघू.